श्रेणी अ-२, पण वाचता येतं का?

मैत्रिणींनो, १ मे जवळ आला की आपल्या घराघरांत एकच चौकशी सुरू होते. निकाल काय लागला? कोणती श्रेणी मिळाली? मग शेजारीपाजारी पेढे, आजीकडून दहाची नोट, आणि प्रगतिपुस्तक कपाटात. मीही इतकी वर्षं तेच करत आले. पण गेल्या वर्षी एका प्रगतिपुस्तकानं माझी झोपच उडवली. ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

आमच्या बचत गटात पापड लाटायला एक बाई येते. तिची मुलगी नुकतीच दुसरी पास झाली होती. खरं नाव नको, आपण तिला चिमी म्हणू. निकालाच्या दिवशी ही बाई पिठाच्या हातानंच माझ्याकडे आली. "वहिनी, अ-दोन मिळालाय बघा चिमीला! आत काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना." तिला स्वतःला अक्षरओळख नाही. मी वाचून दाखवलं. मराठीपुढे लिहिलं होतं, 'स्पष्ट व अस्खलित वाचन करते.' आईच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू! म्हणाली, "मला नाही आलं, पण हिचं आता काही अडायचं नाही."

संध्याकाळी चिमी माझ्याकडे आली. आमच्या ओसरीवर पाच ते सहा मुलांना मी गोष्टीची पुस्तकं वाचायला देते. कौतुकानं तिला म्हटलं, "चिमे, वाच बरं तुझ्या पुस्तकातला एखादा धडा." तिनं धडाधड धडा म्हणून दाखवला. बोटही फिरवत होती. पण माझं लक्ष गेलं तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर! मी हळूच पुस्तक बाजूला ठेवलं आणि बाजाराची चिठ्ठी तिच्या हातात दिली. बटाटा, दोडका, मेथी, लिंबू. चिमी चिठ्ठीकडे बघेना, माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "काकू, हे आमच्या पुस्तकात नाहीये."

त्या दिवशी मी तिच्या आईला काही बोलले नाही. धीरच झाला नाही. दोन दिवस तो आनंदी चेहरा डोळ्यांसमोर येत राहिला. गप्प बसावं तर मुलीचं नुकसान, सांगावं तर आईचा जीव तुटणार. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ लाटणं हातात धरून बसली. मग इतकंच म्हणाली, "मग ते अ-दोन कशाचं हो, वहिनी?"

हा प्रश्न एका चिमीपुरता नाही, म्हणूनच तो या पानावर आणला आहे.

'असर' हे नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. 'प्रथम' या संस्थेनं २००५ मध्ये ही पाहणी सुरू केली. तिचे कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघरी जातात आणि एकेका मुलासमोर एक साधा कागद धरतात. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. लेखी परीक्षा नाही, गुण नाहीत. मूल यातल्या कुठल्या पायरीवर आहे, एवढंच बघायचं. देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतली तिसरीची मुलं घेतली, तर दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. करोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा १६.३ टक्क्यांवर घसरला. २०२४ मध्ये तो २३.४ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, नाही असं नाही. पण तरीही तिसरीतल्या चार मुलांपैकी तिघांना दुसरीचं वाचता येत नाही, असाच त्याचा अर्थ.

२०२५ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर केवढं रान पेटलं होतं! मोर्चे, चर्चा, टीव्हीवर भांडणं. जूनच्या अखेरीस सरकारनं ते शासन निर्णय मागेही घेतले. तो वाद आपल्या जागी महत्त्वाचाच. पण पहिल्या भाषेतलं तरी मुलाला वाचता येतंय का, हे विचारायला कोणी रस्त्यावर उतरलेलं मी पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रगतिपुस्तकात खोटं लिहितात का? प्रकरण इतकं सोपं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. लहान मुलांच्या मानेवरची परीक्षेची टांगती तलवार काढावी हा त्यामागचा विचार होता आणि तो चांगलाच होता. 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' ही पद्धत त्यातूनच आली. तिचे दोन भाग. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्र संपल्यावर किती आलं ते बघणं. आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकवता शिकवताच मूल कुठं अडतंय ते ओळखणं आणि आपलं शिकवणं बदलणं. आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. आमटी उकळत असताना आपण चमच्यानं चव बघतो आणि मीठ कमी असेल तर घालतो, ते आकारिक. पानात वाढल्यावर घरची मंडळी 'अळणी झाली' म्हणतात, ते संकलित! चव बघायची ती आमटी सुधारायला, वहीत नोंद करायला नव्हे.

पण झालं काय, की नोंद हेच काम होऊन बसलं. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद लिहायची. तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात. त्यातलं एक वाक्य उचलायचं आणि लिहून टाकायचं. चिमीच्या वर्गातली आणखी चार प्रगतिपुस्तकं मी मागून बघितली. चारांपैकी तिघांत तेच वाक्य होतं.

चिमीच्या आईला घेऊन मी शाळेत गेले. खरं सांगते, मनात राग होता. पण बाईंशी बोलल्यावर तो निवळला. दोन वर्ग एकत्र, पस्तीस मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे हो तिला वाचता येत नाही. पण तसं लिहिलं की तुमचा वर्ग मागे का, अशी विचारणा होते. कसं शिकवू, हे विचारायला मात्र कोणी येत नाही." दोष कुणाला द्यायचा? जिथं खरं लिहिण्याची शिक्षा होते, तिथं नोंदी गोडच असणार. आपणही घरी काही वेगळं करतो का? कमी श्रेणी आली की आधी मुलाच्या पाठीत धपाटा, मग शेजारच्या मुलाशी तुलना. मग त्या बाईंनाही वाटतं, कशाला आईबापांचा रोष घ्या!

याच सुमारास आमच्या कॉलनीत 'फोनिक्स'चा क्लास निघाला. महिन्याला सातशे रुपये. शेजारच्या सूनबाईंनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला तिथं घातलं. तो घरभर 'स्स्स्' करत, हातानं सापासारखे वळसे घेत हिंडायचा. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "हा काय घरात साप सोडतोय?" सूनबाईंनी समजावलं, "आई, ते इंग्रजीतलं 'एस' अक्षर आहे. नाव नाही शिकवत, त्याचा आवाज शिकवतात."

फोनिक्स म्हणजे हेच. अक्षराचा आवाज आधी, मग आवाज जोडून शब्द. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज ४४ च्या आसपास, त्यामुळे तिथं हा घोळ मोठा. इंग्लंडमध्ये २००६ मध्ये जिम रोज यांच्या अहवालानं आवाज जोडत वाचायला शिकवण्याची शिफारस केली. २०१२ पासून तिथं पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी तपासणी होते. शिक्षक एकेका मुलाला जवळ बसवून ४० शब्द वाचायला सांगतात. गंमत म्हणजे त्यातले २० शब्द खोटे असतात! अर्थ नसलेले, बनवलेले. कारण खरा शब्द मूल पाठ करून किंवा अंदाजानं सांगू शकतं. खोटा शब्द मात्र वाचताच यावा लागतो. पहिल्या वर्षी, २०१२ मध्ये, ५८ टक्के मुलं ठरलेल्या पातळीला पोहोचली होती. २०१९ मध्ये ८२ टक्के पोहोचली. टीकाही झाली. मुलं खोटे शब्द वाचण्यात पटाईत होतात आणि गोष्टीचा आनंद मागे पडतो, असं तिथले बरेच शिक्षक म्हणतात. ती टीकाही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. इंग्रजीच्या आवाजांसाठी आपण सातशे रुपये मोजतो, आणि आपली मराठी? आपली लिपी तर आवाजाचीच आहे! 'क' या अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. मग चिमीचं अडलं कुठं?

तिला जवळ बसवून बघितलं तेव्हा कळलं. 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' हे तिला ओळीनं पाठ होतं. मधलंच अक्षर दाखवलं की मनात 'क'पासून सुरुवात करून ती तिथवर यायची. बाराखडी गाण्यासारखी म्हणायची, पण एकटा 'कू' समोर ठेवला तर गप्प. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व यांची अदलाबदल. 'घ' आणि 'र' सुटे वाचायची, पण दोन्ही मिळून 'घर' होतं हे तिच्या कानाला कळत नव्हतं. कारण आपण लिहितो 'घ-र', बोलताना मात्र शेवटचा 'र' अर्धाच उच्चारतो.

पहिल्या वेलांटीचा घोळ तर आपल्याही कधी लक्षात येत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी, बोलताना 'इ' नंतर! मुलानं डावीकडून वाचत जायचं म्हटलं तर ते अडखळणारच. 'र'ची तऱ्हा आणखी न्यारी. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पायाशी, 'ट्रक'मध्ये वेगळाच, 'सुऱ्या'मध्ये चौथ्या रूपात. चाकातला 'च' निराळा, चहातला निराळा. मोठ्यांना हे सहज येतं म्हणून आपण मुलाला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

यावर आपल्याकडे काम झालं नाही असं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये शाळेबाहेर राहिलेल्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात केली. प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यातून उभी राहिली. वर्णमालेच्या क्रमाला चिकटून न बसता अक्षरांचे छोटे गट करायचे आणि मुलांच्या ओळखीच्या शब्दांतून वाचन शिकवायचं, ही ती वाट.

मी चिमीबरोबर तेच धरलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहिली. पहिल्या आठवड्यात फक्त क, म, न, र, ल आणि काना. एवढ्यात किती शब्द होतात बघा! कर, मन, कान, नाक, मान, लाल, काका, मामा, कला, कमान. आठवडाभरात मूल खरे शब्द वाचायला लागतं, आणि वाचता येतंय हे त्याचं त्याला कळतं. तोंडी खेळ चिंचोक्यांचा. मी 'कमळ' म्हणायचं, तिनं क, म, ळ असे तीन चिंचोके मांडायचे. मग 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मळ'! हसत-खेळत कान तयार होतो. आणि रोज शेवटी एक गोष्ट मी वाचायची, तिनं ऐकायची. हे कधी चुकवलं नाही. अमेरिकेत २००० मध्ये वाचनावरच्या एका राष्ट्रीय समितीनं पाच गोष्टी सांगितल्या होत्या. आवाजांची जाण, आवाज-अक्षराची जोडी, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन. नुसती अक्षरं जोडता आली आणि अर्थ कळला नाही, तर तेही वाचन नव्हेच. ज्यांच्या घरी गोरमाटी, भिली किंवा कोरकू बोलतात, त्या मुलांना तर आधी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगून मगच पुस्तकातला शब्द द्यायला हवा.

मैत्रिणींनो, हे तुम्हालाही घरी करता येईल. मूल पहिली ते चौथीत असेल तर दहा मिनिटं काढा. परीक्षा म्हणून नाही, खेळ म्हणून.

आधी दहा-बारा अक्षरं क्रम मोडून दाखवा. मग काना-मात्रा नसलेले शब्द द्या, जसे घर, वड, कमळ. मग किती, मेथी, गूळ, चौक असे शब्द. दोन-तीन खोटे शब्दही द्या. मुकाल, टिरू, लेपाव. मुलं हसतात, पण पाठांतर लगेच उघडं पडतं. मग पुस्तकाबाहेरच्या चार ओळी द्या. पेपरातली लहान मुलांची गोष्ट चालेल. वाचून झालं की विचारा, "काय झालं गं यात?" आणि एक पथ्य पाळा. चूक झाली की ओरडायचं नाही, वहीत लिहून ठेवायची. 'घर'ला 'धर' म्हणालं तर अक्षराच्या आकाराचा गोंधळ आहे. 'किती'ला 'कती' म्हणालं तर वेलांटीचा. चित्र बघून भलताच शब्द सांगितला तर ते वाचतच नाही, अंदाज करतंय. चूक म्हणजे मुलाचा गुन्हा नाही, पुढं काय शिकवायचं त्याची ती खूण आहे. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी जाऊबाईंची, मोठ्या मुलीची, शेजारणीची मदत घ्यावी. लाज कसली त्यात?

दुसरं काम शाळेतलं. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. आपल्यापैकी कितीजणी त्या समितीत नावाला असतात, सही करून चहा पिऊन येतात! पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा. दुसरी-तिसरीतल्या किती मुलांना पुस्तकाबाहेरचा उतारा वाचता येतो? केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवलं गेलं. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, असं मापही दिलं आहे. २०२२ मध्ये आपल्या राज्यात 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या कार्यक्रमात मातांचे गटही केले गेले. म्हणजे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र बाईंना जाब विचारायला जाऊ नका, त्यांच्या मदतीला जा. आठवड्यातून दोन दिवस दोघी-तिघींनी वर्गात बसून एकेका मुलाचं वाचन ऐकलं, तरी त्या बाईंचं केवढं ओझं हलकं होईल. आमच्या शाळेत आम्ही चौघी आता जातो. बाईंनीही परिपाठानंतरची वीस मिनिटं फक्त वाचनाला ठेवली आहेत.

चिमीचं काय झालं, तेही सांगते. चार-पाच महिने लागले. मध्ये आठ-आठ दिवस काही पुढं सरकायचं नाही. दिवाळीच्या आधी ती एक दिवस आईबरोबर आली. हातात तेच जुनं प्रगतिपुस्तक. कोपऱ्यात बसून ती एकेक अक्षर जोडत वाचत होती. "स्प-ष्ट... व... अस्... अस्ख..." तिथं थांबली. पुन्हा सुरुवात केली आणि पूर्ण वाचलं. मग मला विचारलं, "काकू, अस्खलित म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "न अडखळता."

ती जरा विचार करून म्हणाली, "पण मी तर अडखळले."

पापडाचं लाटणं बाजूला ठेवून तिची आई म्हणाली, "अडखळू दे गं. खरं खरं वाचलंस ना?"

पुढच्या निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटा. पण पेढा हातावर ठेवण्याआधी मुलाला जवळ बसवा आणि कुठल्याही कागदावरच्या चार ओळी वाचून घ्या. ती अडखळली, तर निदान कुठं अडखळली ते आपल्याला कळेल आणि वेळ गेलेली नसेल.